नागपूरच्या उन्हाळ्यात एडिटिंगच्या मशीनचं कॅबिनेट बदललं, त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातलं लग्नाच्या व्हिडिओंचं एक छोटं एडिटिंग ऑफिस. माणसं दोन, मशीन (म्हणजे कॉम्प्युटर) एक. मार्च ते मे हा कामाचा ऐन हंगाम आणि पारा ४५ अंशांकडे सरकतो तोही याच दिवसांत. जागा भाड्याची, वायरिंग जुनं, म्हणून एसी नाही. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. त्याच्या जोरावर दुपारी खोलीतलं तापमान ३३ अंशांच्या आसपास राहतं. हवा मात्र दमट असते आणि रस्त्यावरची बारीक धूळ तिच्यासोबत आत येते.

मशीन साधारण तीन वर्षांचं: रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड, एक एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणारी, वेगवान) ड्राइव्ह आणि साठवणीसाठी साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क. प्रोसेसरवर १२० मिलिमीटर पंख्याचा एका मनोऱ्याचा कूलर, उंची १५५ मिलिमीटर. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ६५० वॉटचा, सगळ्या वायरी कायमच्या जोडलेल्या, म्हणजे मॉड्युलर नाही.

कॅबिनेट दुकानात दिसताक्षणी आवडावं असं होतं. समोर अखंड काच, तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे, डाव्या बाजूलाही काच. समोरचे पंखे कॅबिनेटसोबत आलेल्या रिमोटच्या हबवर जोडलेले होते. तो हब एसएमपीएसकडून थेट वीज घेत असल्याने पंख्यांचा वेग मदरबोर्डच्या हातात नव्हता. मशीन रिकामं बसलेलं असो वा एक्सपोर्ट चालू असो, ते एकाच वेगाने फिरायचे.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीन तक्रारी एकदमच पुढे आल्या. नॉइज रिडक्शन (चित्रातला दाणेदारपणा काढणारा इफेक्ट) लावलेली टाइमलाइन सकाळी ज्या वेळात एक्सपोर्ट व्हायची, तिलाच दुपारी दहा-बारा मिनिटं जास्त लागू लागली. मोठ्या फाइल कॉपी होत असताना प्लेबॅक अडखळायला लागलं. आणि पंख्यांच्या घोंघावण्यात आवाजाचं मिक्सिंग करणं अशक्य झालं.

दुरुस्तीवाल्याने आधी नेहमीचा उपाय केला: चार पंखे होतेच, कॅबिनेटच्या छतावर पाचवा बसवला. फरक शून्य. मालकाचा प्रश्न अगदी रास्त होता, "भाऊ, पंखे तर पाच आहेत न, मग मशीन एवढी गरम काहून होऊन राहिली?" हे काम पुढे ज्या असेंबल करणाऱ्याकडे गेलं, त्याचं उत्तर होतं, "पंखे पाच असो का पंधरा, दार बंद आहे न भाऊ."

पण नुसत्या अंदाजावर नवीन कॅबिनेट घ्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच.

खरेदीआधीचं मोजमाप

चाचणी साधी होती. तीच टाइमलाइन, तीच खोली, दुपारची तीच वेळ, सलग ३० मिनिटं एक्सपोर्ट. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-गती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान, त्याची गती, ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई यांची नोंद चालू ठेवली. शिवाय फ्रिजसाठी मिळतो तसला वायरवाला थर्मामीटर घेऊन त्याचं टोक प्रोसेसरच्या कूलरपुढे, हवा आत ओढली जाते तिथे चिकटवलं. हे टोक फार उपयोगी पडलं, कारण कूलरच्या तोंडाशी हवा किती गरम आहे हे मशीनमधला कुठलाच सेन्सर सांगत नाही.

सगळी पॅनेलं लावलेली असताना प्रोसेसर ९० अंश, गती ३.८ गिगाहर्ट्झ, ग्राफिक्स कार्ड ८३, एनव्हीएमई ८०. कूलरच्या तोंडाशी हवा ५२. खोली ३३ वर असताना ५२, म्हणजे हवा प्रोसेसरपाशी पोचण्याआधीच १९ अंशांनी तापलेली.

दुसऱ्या फेरीत फक्त समोरची काच काढली, बाकी काही हलवलं नाही. कूलरच्या तोंडाशी ४२, प्रोसेसर ८३, गती ४.१ गिगाहर्ट्झ, ग्राफिक्स कार्ड ७७, एनव्हीएमई ७१.

तिसऱ्या फेरीत डावी काचही काढली. ग्राफिक्स कार्ड आणखी तीन अंशांनी उतरलं. प्रोसेसर जवळपास होता तिथेच राहिला.

हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटते. ५९००एक्सची तापमानाची मर्यादाच ९० अंश आहे. तिथे पोचला की तो आपली गती कमी करून ९० वर टिकून राहतो. म्हणून ९० वरून ८३ हा सात अंशांचा फरक खऱ्या फायद्यापेक्षा कमी दिसतो. उरलेला फायदा वाढलेल्या गतीत आहे. प्रोसेसर मर्यादेला टेकलेला असेल तर तापमानासोबत गतीही बघायची, नाहीतर काच काढून फारसं काही झालं नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

निदान पक्कं झालं: प्रोसेसरचा कूलर ठीक, पंखेही ठीक, अडलंय ते समोर. काच काढूनही आकडे हलले नसते, तर बोट प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टकडे किंवा कूलर नीट न बसण्याकडे गेलं असतं आणि नवीन कॅबिनेटचा खर्च वाया गेला असता.

काच नेमकी किती अडवते, हे स्टीलच्या पट्टीने मोजता आलं. काचेच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर रुंद आणि ४०० मिलिमीटर उंच अशी एकेक फट, वरून-खालून बंद. हवेला आत यायला एकूण ४८ चौरस सेंटिमीटर. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचं पात्यांमधलं क्षेत्रफळ, मधला गोल वगळून, सुमारे ९० चौरस सेंटिमीटर. तीन पंख्यांचं मिळून २७०. म्हणजे पंख्यांना जेवढी जागा लागते, तिच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. त्यातही त्या फटीतून शिरलेल्या हवेला काटकोनात वळावं लागतं.

दुसरा हिशोब उष्णतेचा. एक्सपोर्ट चालू असताना प्रोसेसर सुमारे १२० वॉट, ग्राफिक्स कार्ड २०० आणि बाकी सगळं ४०, असे ३६० वॉट उष्णतेच्या रूपात कॅबिनेटमध्ये सुटतात. ही उष्णता बाहेर नेताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला ६५ ते ७० घनफूट हवा, म्हणजे ६५ ते ७० सीएफएम, खरोखर आरपार जायला हवी. वॉटला १.७६ ने गुणायचं आणि जेवढे अंश वाढ चालेल त्याने भागायचं, की सीएफएम मिळतात. तापलेली हवा विरळ असते म्हणून उन्हाळ्यात थोडे वरचे धरायचे. पंख्याच्या खोक्यावर ५० सीएफएम छापलेले असतात आणि तीन पंख्यांचे १५० भरपूर वाटतात. पण तो आकडा पुढेमागे काहीही आड नसतानाचा असतो. जाळी, फिल्टर आणि आतली गर्दी आली की तो निम्म्यावर येतो, काच आली की आणखी खाली.

वजन केलेले पर्याय

मालकाच्या डोक्यात पहिलं नाव होतं वॉटर कूलिंगचं. २४० मिलिमीटरचा रेडिएटर साधारण २७ मिलिमीटर जाड, त्याला २५ मिलिमीटरचे पंखे, बेरीज ५२. जुन्या कॅबिनेटमध्ये छत आणि मदरबोर्डची वरची कड यांच्यात ३५ मिलिमीटर जागा होती. वर बसणार नाही. उरली समोरची जागा, म्हणजे त्याच काचेमागे. रेडिएटरला कोंडलेली हवा मिळणार आणि रेडिएटरमधून तापलेली हवा ग्राफिक्स कार्डावर जाणार. हा पर्याय तिथेच संपला.

मोठा एअर कूलर घेतला तर प्रोसेसर थोडा सुधारला असता. पण त्यालाही ५२ अंशांचीच हवा मिळणार होती, आणि ग्राफिक्स कार्ड व एनव्हीएमई होते तिथेच राहिले असते.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे काच थोडी पुढे आणणं. काचेचे चारही स्क्रू लांब घ्यायचे, मागे २० मिलिमीटरच्या नळ्या घालायच्या. फट ६ वरून साधारण २५ मिलिमीटर झाली असती आणि हवेचा मार्ग चौपट. खर्च शंभर-दोनशे रुपये. तापमानापुरता बराचसा फायदा यातच मिळाला असता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो नाकारला त्याची कारणं दोन. पुढे फिल्टर नव्हता, म्हणजे मोठी फट करून धुळीला उघडं आमंत्रण. आणि मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्या ट्रेमागे वायरींसाठी जेमतेम १४ मिलिमीटर जागा होती. मॉड्युलर नसलेल्या एसएमपीएसचा २४ पिनांचा जुडगाच जवळपास २० मिलिमीटर जाड. उजवं पॅनेल फुगलेलं असायचं आणि दोघांनी दाबल्याशिवाय स्क्रू लागत नसे. त्यामुळे आत कुणी हात घालत नव्हतं आणि तीन वर्षं धूळ तशीच साचत राहिली.

म्हणून नवीन कॅबिनेट. बजेट पंख्यांसकट १२ हजार.

कॅबिनेट निवडताना काय पाहिलं

पहिली अट, समोर जाळी आणि तिच्यामागे काढता येणारा फिल्टर. जाळी दिसते म्हणजे हवा जातेच असं नाही. काही कॅबिनेटमध्ये बाहेर छान जाळी, मागे जाड फोम आणि त्यामागे पुन्हा भोकांचा पत्रा असतो. दुकानात पॅनेल काढून मागून मोबाइलचा टॉर्च लावायचा. उजेड मोकळेपणाने पलीकडे आला तर ठीक. मिणमिणता ठिपका दिसला, तर हवेचंही तेच होणार.

दुसरी अट ट्रेमागे किमान २० मिलिमीटर जागा, २५ असेल तर उत्तम. हा आकडा बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि पॅनेल फुगण्याचं मूळ त्यातच असतं.

तिसरी अट ग्राफिक्स कार्डाच्या लांबीची. यांचं कार्ड ३०५ मिलिमीटर. एका स्वस्त कॅबिनेटच्या माहितीत ३३० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसेल असं लिहिलेलं होतं. पण ते माप समोरच्या पत्र्यापासूनचं होतं. आतून लावलेल्या पंख्याची २५ मिलिमीटर जाडी वजा केली की बरोबर ३०५ उरतात, म्हणजे कार्ड पंख्याला घासणार. शिवाय त्याच्यासोबत येणारे चारही पंखे थेट विजेवर चालणारे, वेग न बदलणारे. पुन्हा तोच घोंघाट.

साडेतीन इंची दोन डिस्कची जागा आणि नेहमीच्या मापाचे पंखे या उरलेल्या दोन अटी.

शेवटी दोन नावं उरली. लिआन ली लॅनकूल २१६ मध्ये समोर १६० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे १४० चा एक सोबतच येतात. कूलरसाठी १८०.५ आणि कार्डासाठी ३९२ मिलिमीटर जागा मिळते. हवेच्या बाबतीत ते सरस होतं आणि वेगळे पंखे घ्यावे लागले नसते. अडचण एवढीच की १६० मिलिमीटरचा पंखा पुढे बिघडला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कॉर्सेअर ४०००डी एअरफ्लोमध्ये १२० मिलिमीटरचे दोनच पंखे येतात, पण समोर १२० चे तीन किंवा १४० चे दोन बसतात. कूलरला १७० आणि कार्डाला ३६० मिलिमीटर जागा, ट्रेमागे किमान २५ मिलिमीटर.

निर्णय शेवटी टेबलाने घेतला. मशीन टेबलाच्या खालच्या कप्प्यात राहायचं आणि कप्प्याची उंची ५२ सेंटिमीटर. लॅनकूलची उंची ४९१.७ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावर तीन सेंटिमीटरही नाहीत. ४०००डी ४६६ मिलिमीटर, वर पाच सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा. ४०००डी घेतलं आणि समोरच्यासाठी १४० मिलिमीटरचे दोन पीडब्ल्यूएम पंखे (ज्यांचा वेग मदरबोर्ड बदलू शकतो) वेगळे.

जोडणी

मदरबोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, मोजले. एटीएक्स बोर्डाला नऊ. बोर्डाला भोक नाही अशा जागी स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो, म्हणून ही मोजणी कधीच टाळायची नाही.

कूलर काढलाच होता, तेव्हा तीन वर्षांची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली.

पहिला अडथळा प्रोसेसरच्या आठ पिनांच्या वायरीने घातला. जुन्या एसएमपीएसची ही वायर ५५ सेंटिमीटर होती. नव्या कॅबिनेटमध्ये ती खालून निघून ट्रेमागून वर चढते आणि डाव्या कोपऱ्यातल्या भोकातून बोर्डावर येते. या वाटेला ६० हून जास्त सेंटिमीटर लागतात. वायर पाच-सहा सेंटिमीटरने तोकडी पडली. बोर्डावरून तिरपी आणली तर पोचत होती, पण मग ती ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या पत्र्यावर टेकणार आणि कूलरच्या पंख्याजवळून जाणार. ३० सेंटिमीटरची एक्स्टेन्शन वायर घेतली, १८ गेज जाडीच्या तारांची. १२ व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर चार तारांत वाटले गेले की प्रत्येकीवर सव्वातीन येतात. १८ गेज त्याला पुरते. जोडाचं जाड टोक ट्रेमागच्या खोलगट भागात बसवलं.

इथे एक धोक्याची सूचना. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोनची वायर लांबून सारख्याच दिसतात, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असल्याने सहसा चुकीची बसत नाही. जोर लावून बसवू मात्र नये. आणि मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर त्याला कधीच लावायची नाही, मग कनेक्टर तंतोतंत बसत असला तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. यात हार्ड डिस्क एका क्षणात जळतात, आणि लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही.

वायरींचा क्रम असा ठेवला: आधी प्रोसेसरची वायर, कारण वरचा पंखा बसल्यावर त्या कोपऱ्यात बोटं जात नाहीत. मग २४ पिनांची, मग समोरच्या बटणांच्या बारीक वायरी, मग यूएसबी. समोरच्या यूएसबीची १९ पिनांची वायर ताठ असते. ती हाताने आधी वळवून घ्यायची आणि सरळ दाबायची, तिरपी गेली तर बोर्डावरच्या पिना वाकतात. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. न लागणाऱ्या साटा आणि मोलेक्सच्या (डिस्क वगैरेंना वीज देणाऱ्या) वायरींची गुंडाळी एसएमपीएस आणि डिस्कच्या पिंजऱ्यामधल्या जागेत गेली. हा भाग घट्टच झाला, मॉड्युलर नसलेल्या एसएमपीएसची ही किंमत मोजावीच लागते. ट्रेमागे वेल्क्रोच्या पट्ट्या. प्लास्टिकचे केबल टाय चाचणी पूर्ण होईपर्यंत लावलेच नाहीत, कारण पहिल्या दिवशी काहीतरी काढावं लागतंच.

नीट बांधलेल्या वायरींमुळे मशीन थंड राहतं, असं सर्रास सांगितलं जातं. आजच्या, एसएमपीएस खाली झाकलेल्या कॅबिनेटमध्ये त्याचा तापमानावरचा परिणाम एखाद-दुसऱ्या अंशाचा असतो. वायरी नीट बांधायच्या त्या दुसऱ्या कारणांसाठी: वायर पंख्याच्या पात्यात जाऊ नये, पॅनेल एका हाताने लागावं, आणि दर पंधरा दिवसांनी धूळ काढताना कुणाला कंटाळा येऊ नये. शेवटचं कारण सगळ्यात मोठं.

पंख्यांची मांडणी: समोर १४० मिलिमीटरचे दोन, हवा आत. सोबत आलेल्या दोनपैकी एक मागे, हवा बाहेर. दुसरा छताला, पण मागच्या बाजूला, कूलरच्या वर, हवा बाहेर. छताला पुढच्या बाजूने बाहेर फेकणारा पंखा लावला तर समोरून आलेली ताजी हवा कूलरपाशी पोचण्याआधीच तो उचलून नेतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, म्हणजे फटींमधून धूळ आत ओढली जात नाही.

पहिल्या चाचणीत छतावरचा पंखा उलटा बसल्याचं निघालं. हवा आत येत होती. टिश्यू पेपरची पट्टी वर धरली तर ती उडण्याऐवजी जाळीला चिकटली. ज्या बाजूला पंख्याच्या मोटरला धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेवलं की ही चूक होत नाही.

समोरचे दोन्ही पंखे स्प्लिटरने बोर्डाच्या एकाच हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) घेतले. हेडरची मर्यादा बहुतेक बोर्डांवर एक अँपिअर असते आणि असे दोन पंखे तिच्या पुष्कळ खाली राहतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, कॅबिनेटचे पंखे मुळात प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. नॉइज रिडक्शनमध्ये मात्र तापतं ते ग्राफिक्स कार्ड. म्हणून फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर लावून प्रोसेसर आणि कार्ड यांपैकी जो जास्त गरम असेल त्यावर वेग ठरेल असं केलं: ४० अंशांना मिनिटाला ५०० फेरे, ६० ला ७५०, ७५ ला ९५०, ८५ ला १२००. वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा उशीर ठेवला, नाहीतर प्रत्येक क्लिकला पंखे हुंदके दिल्यासारखे वरखाली होतात.

पहिला निकाल आणि टेबलाचा कप्पा

मशीन कप्प्यात ठेवलं, तीच चाचणी घेतली. पहिल्या दहा मिनिटांत आकडे सुरेख होते. अर्ध्या तासाने कूलरच्या तोंडाशी ४६ अंश, प्रोसेसर ८५. आधीपेक्षा बरं, पण उघड्या काचेच्या चाचणीपेक्षाही वाईट.

कारण कप्प्याच्या मागच्या फळीत होतं. वायरींसाठीचं एक गोल भोक सोडलं तर फळी अखंड. मागून आणि वरून निघालेली गरम हवा फळीवर आपटून दोन्ही बाजूंच्या फटींतून पुढे यायची आणि समोरचे पंखे तीच पुन्हा आत घ्यायचे. कप्प्याच्या तोंडाशी, कॅबिनेटच्या बाहेर थर्मामीटर धरला तर ३९. खोली ३३.

फळी कापायची की मशीन बाहेर काढायचं? टेबल मालकाचं स्वतःचं होतं, कापता आलं असतं. पण खिडकीतल्या कूलरचा झोत त्या बाजूला येतो आणि झोतासोबत कधीकधी पाण्याचे तुषारही. मशीन कप्प्याबाहेर काढून टेबलाच्या दुसऱ्या अंगाला, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच लाकडी चौरंगावर ठेवलं, झोताच्या रेषेबाहेर. मागे भिंतीपासून २० सेंटिमीटर. उंचीमुळे एसएमपीएसच्या खालच्या फिल्टरलाही केर कमी लागतो.

अंतिम निकाल

त्याच चाचणीत कूलरच्या तोंडाशी ४०, प्रोसेसर ७९, गती ४.१ गिगाहर्ट्झ. ग्राफिक्स कार्ड ७१, एनव्हीएमई ६५. हार्ड डिस्क ४७ वर, कारण खालच्या झाकलेल्या भागात हवा कमी पोचते. पन्नाशीच्या आत आहेत म्हणून तसंच ठेवलं. दुपारचा एक्सपोर्ट आता सकाळइतक्याच वेळात होतो आणि कॉपी चालू असताना प्लेबॅक अडखळत नाही. मिक्सिंगच्या वेळी पंखे ५०० फेऱ्यांवर असतात.

प्रोसेसरच्या सुधारणेतले दोन-तीन अंश नवीन पेस्टचे धरायला हवेत. ग्राफिक्स कार्डाला कुणी हात लावला नव्हता. त्याचे उतरलेले १२ अंश कॅबिनेट, पंखे आणि जागा या तिघांचेच.

धुळीच्या बाबतीत खिडकीतल्या कूलरची दमट हवा नडते. धूळ ओलसर होऊन फिल्टरवर पातळ थर बसतो, झटकून निघत नाही. तीन आठवडे फिल्टर तसाच ठेवून पाहिला तेव्हा प्रोसेसर चार अंशांनी वर गेला. आता उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी समोरचा फिल्टर काढून नळाखाली धुतात आणि पूर्ण वाळल्यावरच लावतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवतात, कारण हवेच्या जोराने पंखा मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

वेगळं काय करता आलं असतं

लॅनकूल बाद झालं ते फक्त कप्प्याच्या उंचीमुळे, आणि आठवड्याभरात मशीन कप्प्याबाहेर आलं. बाद करण्याचं कारणच उरलं नाही. जुन्या कॅबिनेटची चाचणी कप्प्याच्या आत आणि बाहेर अशी दोनदा घेतली असती, तर हे खरेदीआधीच कळलं असतं आणि दोन्ही कॅबिनेटची तुलना हवेवर आणि पंख्यांच्या खर्चावर झाली असती. सगळी मोजमापं कॅबिनेटच्या आतली होती; कॅबिनेट ज्या हवेत उभं आहे ती कुणी मोजली नाही.

प्रोसेसरच्या वायरीची लांबी खरेदीच्या वेळीच मोजायला हवी होती. एक्स्टेन्शन येईपर्यंत दोन दिवस मशीन बंद राहिलं, तेही ऐन लग्नसराईत. एसएमपीएस खाली असलेल्या मध्यम उंचीच्या कॅबिनेटला ही वायर ६५ ते ७० सेंटिमीटर असावी लागते. जुनं एसएमपीएस नव्या कॅबिनेटमध्ये न्यायचं असेल, तर दुकानात जाताना एवढा एक आकडा चिठ्ठीवर हवा.

काच पुढे आणण्याचा शंभर-दोनशे रुपयांचा उपाय हंगामापुरता करून कॅबिनेट जूनमध्ये, काम ओसरल्यावर बदललं असतं, तरी चाललं असतं. दोन महिने धूळ गेली असती, पण ब्लोअरने निघाली असती. हंगामाच्या मध्यावर मशीन पूर्ण उघडण्याचा धोका त्यापेक्षा मोठा होता, आणि तो एका तोकड्या वायरीने दाखवूनही दिला.

पुढच्या वेळी एसएमपीएस बदलेल तेव्हा मॉड्युलर घ्यायचं ठरलं आहे. डिस्कच्या पिंजऱ्यामागची वायरींची गुंडाळी गेली की समोरच्या खालच्या पंख्याची हवा डिस्कपर्यंत पोचायला वाट मिळेल. त्या दिवशी डिस्कचं तापमान पुन्हा मोजायचं, आणि त्या वेळी खोलीचं तापमान किती होतं तेही शेजारी लिहायचं; जानेवारीत २० अंशांच्या खोलीत मोजलेला आकडा मेमधल्या आकड्याशेजारी नुसताच ठेवला, तर त्यातून काहीच कळणार नाही.